ताप एकच, आया तीन

प्रश्न थोडक्यात असा: ओहायोतल्या एका उपनगरात राहणाऱ्या एक बाई मराठीत कादंबरी लिहीत आहेत. बंद गल्लीच्या टोकाला तीन घरं आणि तीन आया. एक गोरी, शाळेच्या पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, अध्यक्ष. दुसरी ब्लॅक, भूलतज्ज्ञ डॉक्टर, नुकतीच राहायला आलेली. तिसरी मराठी, तीच गोष्ट सांगते. दोनशे पानं झाली आहेत आणि वाचलेल्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, ह्या सगळ्या अग्रलेखासारखं बोलतात." वंश आणि वर्ग हे विषय भाषण न होता कसे आणायचे, आणि मुळात ब्लॅक आई रंगवायचा आपल्याला अधिकार आहे का, असं त्यांनी विचारलंय. सोबत सातव्या प्रकरणातली चार पानं दिली आहेत, शाळेतल्या बेक सेलची, म्हणजे निधीसाठी घरचे केक-बिस्किटं विकतात त्या दिवसाची.

ताई, "कसे आणायचे" ह्या शब्दांपाशीच मी अडखळले. आणायचे म्हणजे ते कुठूनतरी बाहेरून आणून ठेवायचे, असं तुम्ही धरून चाललात. अमेरिकन उपनगरात ते तुमच्या पात्रांच्या आधीपासून राहायला आहेत. घराच्या खरेदीखतात आहेत, कुठल्या घरातलं मूल कुठल्या सरकारी शाळेत जाईल ते ठरवणाऱ्या हद्दीच्या नकाशात आहेत, कचरा कुठून उचलतात त्यातही आहेत. मला तुमची अडचण वेगळीच दिसते. तुमच्या तिन्ही आया चार पानांत एकही चूक करत नाहीत. चूकच नाही, तर तिची किंमत कुणी मोजायचा प्रश्नच येत नाही. मग त्यांना बोलण्यावाचून उद्योग काय उरतो?

मी गेली अठरा वर्षं हस्तलिखितं वाचून लेखकांना टिपणं काढून देते. त्यातली अकरा वर्षं क्लीव्हलंडच्या पूर्वेला, शेकर हाइट्स नावाच्या उपनगरापासून दहा मिनिटांवर राहून. त्यामुळे माझी उदाहरणं तिकडची येतील. तुमची वस्ती मक्याची शेतं मोडून कालपरवा झालेली असेल तर तपशील बदलतील. न्यू जर्सीतल्या एडिसनला, जिथे वाणसामानाच्या रांगेत पुढेमागे आपलीच माणसं असतात, ही गोष्ट घडली तर आणखी बदलतील. सगळ्यात मोठा फरक वर्षाचा पडेल. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेली डॉक्टर-इंजिनिअर मंडळी आणि २०१०नंतर एच-वन व्हिसावर आलेलं जोडपं ह्यांच्या स्वयंपाकघरातली भीती एक नसते. तुमच्या पानांत साल कुठेच नाही. ते आधी ठरवा.

मग जागेकडे बघा. शेकर हाइट्सचंच घ्या. ती जमीन मूळची शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. १८२२ ते १८८९ त्यांची वसाहत तिथे होती. पंथ ब्रह्मचर्य पाळणारा, त्यामुळे तिथे मुलं यायची ती पंथात आलेल्यांनी सोबत आणलेली, नाहीतर अनाथ म्हणून सांभाळायला घेतलेली. पुढे ती जमीन व्हॅन स्वेरिंगन नावाच्या दोन भावांनी घेतली आणि आखीव उपनगर वसवलं. हे भाऊ जन्मभर अविवाहित. संन्याशांची जमीन, ब्रह्मचाऱ्यांनी काढलेला नकाशा आणि त्यावर अमेरिकेचा आदर्श चौकोनी संसार! कुणी हे कल्पनेनं लिहून आणलं असतं, तर मी समासात "फार सोयीचं होतंय" असा शेरा मारला असता.

त्या गावाचे दोन नियम मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगून गेले. एक, बरीच वर्षं तिथे कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायचे नसत. कर्मचारी छोट्या गाडीतून घराच्या मागच्या बाजूला यायचे आणि तिथून कचरा न्यायचे. दुसरा, काही रस्त्यांवरची दोन कुटुंबांची घरं मुद्दाम अशी बांधली आहेत की समोरून एकच दार दिसावं. वर कुणी भाड्यानं राहतं हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये. वर्गाबद्दल तुमच्या नायिकेला एक अक्षर बोलायची गरज नाही. तिची मुलगी वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे खेळायला जाते, दुसरं दार शोधत घराभोवती फिरते, एवढं पुरे.

वंशाचंही तसंच. तिथल्या खरेदीखतांत १९२०च्या दशकात अटी आल्या: घर पुढे विकायचं तर कंपनीची किंवा आजूबाजूच्या मालकांची संमती लागेल. त्यात कुठल्याही वंशाचं नाव नव्हतं आणि काम मात्र चोख होत होतं. (लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनला १९४७मध्ये एवढाही आडपडदा ठेवला नव्हता. गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही, असं सरळ लिहून घेत.) पुढे १९५६मध्ये शेकर हाइट्सच्या लडलो भागात एका ब्लॅक वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घराच्या गॅरेजमध्ये स्फोट झाला. त्यानंतर शेजारचे गोरे आणि ब्लॅक रहिवासी एकमेकांच्या दिवाणखान्यांत बसू लागले आणि १९५७मध्ये त्यांनी वस्तीची संघटना काढली. भाग मिश्र राहावा म्हणून तिथे घर घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना कर्जाला हातभार लावला. अंगावर काटा येईल असं धाडस होतं ते, आणि तरीही पैशाची मदत कोणाला मिळाली ते बघा.

तुमची पीटीए अध्यक्ष मला इथे सापडते. सध्या ती खलनायिका आहे आणि ते फार स्वस्त झालंय. तिची आजी अशा दिवाणखान्यातल्या बैठकांना जायची असं समजा. घरात त्याचा फोटो आहे. चांगुलपणा तिला वारशात मिळालाय, घरातल्या जुन्या शिसवी कपाटासारखा, आणि त्या कपाटाला ती दर आठवड्याला पॉलिश करते. आपण वाईट असू शकतो ही शक्यताच तिच्या मनात नाही. अशी बाई दुष्ट बाईपेक्षा जास्त नुकसान करू शकते, आणि वाचकाला ती आवडतेही.

आता किमतीचं. विषय कुठलाही असो, मी लेखकांकडून एक कागद करून घेते. तुम्हीही करा. मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. शाळेच्या नर्सचा फोन येतो: मुलाला १०१ ताप आहे, घेऊन जा. गंमत अशी की सकाळी सात वाजता तिन्ही घरांत पोराचं कपाळ कोमट लागलं होतं. तिघींनी टायलेनॉल, म्हणजे तापाचं औषध, पाजून त्याला बसमध्ये चढवलं होतं. ही चूक प्रत्येक नोकरदार आईनं कधी ना कधी केलेली आहे. आता प्रत्येकीचं पुढे काय होतं ते दीड दीड पान लिहा. मतं नकोत. नुसत्या हालचाली, मिनिटं आणि पैसे.

गोरी आई पाच मिनिटांत पोचते. नर्स तिला नावानं ओळखते. "अगं, सकाळी डोस दिला होता मी," असं ती हसत कबूल करते आणि नर्सही हसते. चूक तिथेच संपते. पण तिला एवढ्यावर सोडू नका. बारा वर्षांपूर्वी तिनं वकिली सोडली आहे. तिच्या कामाचा अहवाल आता मुलांच्या प्रगतिपुस्तकातून येतो. पोर आजारी पडलं की तिला स्वतःलाच नापास झाल्यासारखं वाटतं.

डॉक्टर आई ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. टेबलावरच्या माणसाला झोपवलंय ते तिनं, ती हलू शकत नाही. नवरा दौऱ्यावर. ती भावाला पाठवते. त्याचं नाव फॉर्मवर आहे, तरी कचेरीत त्याचं ओळखपत्र दोनदा मागतात, वर तिला फोन लावून खात्री करतात. संध्याकाळी नर्स तिला म्हणते, "तुम्ही स्वतः डॉक्टर आहात ना?" आणि कुठेतरी एक नोंद होते. एवढंच. ह्याला कुणी वंशभेद म्हणायचं नाही, डॉक्टरनेही नाही. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी मुलाला सोडायला जाताना हॉस्पिटलचा बिल्ला गळ्यात ठेवायचा.

हा बिल्ला मी उगाच सुचवलेला नाही. मराठी लेखकांच्या हस्तलिखितांत ब्लॅक पात्र आलं की ते बहुतेक वेळा गरीब तरी असतं किंवा संतपदाला पोचलेलं तरी. तुम्ही तिला डॉक्टर केलंत, फार बरं केलंत, कारण इथे वंश आणि वर्ग वेगवेगळ्या दिशांना ओढतात. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं, २०१९मध्ये मातामृत्यूंचे आकडे दिले होते. गरोदरपण आणि बाळंतपणाशी जोडलेल्या मृत्यूंचं प्रमाण कॉलेज शिकलेल्या ब्लॅक स्त्रियांत शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त निघालं. शिक्षण आणि पैसा तिथे पुरे पडत नाहीत. हा आकडा कादंबरीत घालू नका. तो तुम्हाला ठाऊक असू द्या. आपल्या दुसऱ्या बाळंतपणाला ती स्वतः डॉक्टर असून बिल्ला लावून गेली होती, हे एका वाक्यात येऊ द्या.

आणि मराठी आई? तुमची सगळ्यात मोठी संधी तीच, आणि सध्या ती नुसता कॅमेरा झाली आहे. ती घरीच आहे. एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या, व्हिसावर आलीय. २०१५पर्यंत एच-फोरवाल्यांना नोकरी करायची परवानगीच नव्हती, नंतर काहींनाच मिळाली. पुण्यात ती आर्किटेक्ट होती असं धरू. इथे चार बेडरूमचं घर आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि नवऱ्याची नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस आहेत. मग हिचा वर्ग कुठला? घराच्या क्षेत्रफळावरून ठरवाल तर चुकाल. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, नातवंडं सांभाळतात, फुकट. गाडी चालवता येत नाही. त्यांच्या परतीचं तिकीट शुक्रवारचं आहे. नर्सचा फोन येतो तेव्हा ही खोटं बोलते: "नाही, सकाळी बरा होता." कशाला बोलली? कुणी काही करणार नव्हतं. पण जिला देशात राहण्याचा हक्क नवऱ्याच्या कागदावरून मिळालाय, तिला कुठल्याही कचेरीत खरं बोलायची भीती वाटते. रात्री सासूबाई विचारतात, "औषध देऊन पाठवलंस ते सांगितलंस ना त्यांना?" हा प्रसंग लिहा. तुमची अख्खी कादंबरी त्यात आहे असं मला वाटतं.

जाता जाता, आपल्या भाषेतली एक गंमत. आईचं अनेकवचन आया, आणि पगार घेऊन दुसऱ्याची मुलं सांभाळणारीही आयाच. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे मिळणार नाही. वापरा.

हाच हिशेब मोठ्या चुकीला लावून बघा. ओहायोतच घडलेलं आहे. केली विल्यम्स-बोलर ही अ‍ॅक्रनमधली ब्लॅक आई. शाळेत मदतनीसाचं काम करत शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. तिनं आपल्या दोन मुलींना शेजारच्या कॉप्ली-फेअरलॉनच्या शाळांत घातलं आणि पत्ता दिला वडिलांचा, म्हणजे मुलींच्या आजोबांचा. शाळा प्रशासनानं खाजगी गुप्तहेर लावला. सुमारे ३० हजार डॉलर फी थकल्याचा दावा झाला. जानेवारी २०११मध्ये कागदपत्रांत फेरफार केल्याच्या गुन्ह्यात ती दोषी ठरली आणि नऊ दिवस तुरुंगात राहिली. पुढे त्याच वर्षी राज्यपालांनी तो गुन्हा सौम्य प्रकारचा ठरवला. तिथल्या शाळा घरपट्टीच्या पैशावर एवढ्या अवलंबून आहेत की ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९७मध्येच ती व्यवस्था राज्यघटनेत बसत नाही असं म्हटलं होतं. तरी हद्दीच्या अलीकडचा आणि पलीकडचा वर्ग वेगळा तो वेगळाच.

आता माझ्या ओळखीतलं. एका मराठी कुटुंबानं अगदी हेच केलं. नव्या घराचा ताबा मिळायला वर्ष होतं, तोवर मुलाचा प्रवेश जाऊ नये म्हणून मित्राचा पत्ता लावला. शाळेला कळलं. एक नम्र पत्र आलं, एक भेट झाली, चहापाणी झालं, आणि सत्र संपेपर्यंत मुलाला तिथेच राहू दिलं. ते गृहस्थ हा किस्सा पार्ट्यांत सांगतात. आम्ही सगळे हसतो. मीही हसले होते. अ‍ॅक्रनची बातमी त्यानंतर दोनेक वर्षांनी वाचली.

म्हणजे चूक तीच, पण एकीला ती हसण्यावारी जाते, एकीच्या नावावर नोंद होते, एकीला रात्रभर झोप येत नाही आणि एकीला कोठडी दाखवते. वंश आणि वर्ग मला तरी कादंबरीत ह्याच फरकातून सापडले आहेत. तो फरक दिसला की वाचक स्वतःच अग्रलेख लिहितो, डोक्यात.

आता अधिकाराचा प्रश्न. मी "हो" किंवा "नाही" म्हणणार नाही, कारण ते तुम्ही कुठून बघता यावर आहे. ब्लॅक आईच्या डोक्यात शिरून प्रथमपुरुषी लिहिणार असाल, तर तुमच्या आयुष्यात अशा किती बायका आहेत, कुणाच्या घरी तुम्ही आजारपणात डबा घेऊन गेला आहात, कुणी तुमच्यासमोर चिडून बोललंय का, हे मी आधी विचारीन. उत्तर डळमळीत असेल तर थांबा. पण तुमची गोष्ट मराठी आई सांगते. तिला दिसेल तेवढंच दाखवायचं आहे, आणि तिला चुकीचंही दिसू शकतं. तीच तर गंमत. तिनं डॉक्टरीणबाईंना पहिल्या दिवशी घर बघायला आलेली नर्स समजावं. आणि ही चूक तिनं पुस्तकभर कुणाला सांगू नये.

इथे भाषेनं तुमच्यापुढे पेच टाकलाय आणि तुम्ही तो टाळलाय. तुमची नायिका मनातल्या मनात "कृष्णवर्णीय शेजारीण" म्हणते. कुठलीही मराठी बाई स्वयंपाकघरात असं म्हणत नाही. ती "ब्लॅक" म्हणते, आवाज थोडा खाली आणून. तिच्या सासूबाई आणखी काही म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तो शब्द एकदा येऊ द्या, आणि तेव्हा जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोलू नये. दुसरा शब्द "गोरी". मराठीत तो आधी आपल्याच मुलींना लागतो. पत्रिकेत, नात जन्मली की, सून आली की. तुमच्या नायिकेची धाकटी सावळी आहे, असं तुम्ही एका ठिकाणी ओझरतं लिहिलंय. म्हणजे ह्या बाईनं वंशाचा पहिला धडा ओहायोत गिरवलेला नाही. तो तिनं हळद-साय लावून घेताना गिरवला. हे मी तुम्हाला "भारतातही असंच असतं" म्हणून सांगत नाहीये. जात आणि अमेरिकेतला वंशभेद एकाला एक लावून लिहिलेली हस्तलिखितं मी पुष्कळ वाचली आहेत आणि त्यात दोन्हींचं पाणी होतं. फक्त ही बाई रिकाम्या डोळ्यांनी विमानातून उतरलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि एक वाक्य, जे आपल्या प्रत्येक गृहप्रवेशाला ऐकू येतं: "स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे." त्यात शिव्या नाहीत, द्वेष नाही, आईची काळजी आहे. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कुठल्या वस्त्या लाल रंगवल्या, कर्ज कुणाला नाकारलं, सगळं त्या चार शब्दांत घडी घालून ठेवलेलं आहे. ते तुमच्या नायिकेच्या तोंडी पहिल्या प्रकरणात घाला, अगदी निरागसपणे. शेवटी पुन्हा आणायचा मोह होईल. नको.

बाकीचं भराभर. तुमच्या आराखड्यात मुलाच्या ताब्यावरून कोर्टकचेरी आणि एक दत्तक बाळ आहे. मी ते काढीन. परवंशीय दत्तक हा मोठा विषय आहे. ब्लॅक समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९७२मध्ये ब्लॅक मुलं गोऱ्या घरांत देण्याला विरोध केला, १९९४मध्ये उलट दिशेनं कायदा झाला, चीनमधून आलेल्या मुलींची एक पिढी अमेरिकेत मोठी झाली. तो दुसऱ्या कादंबरीचा ऐवज आहे. तुमच्याकडे तो फक्त शेवट गाठायला आलाय. तसंच डॉक्टरच्या आजीनं ह्याच घरात धुणीभांडी केली होती, हा योगायोगही नको. हा मी चौथ्यांदा वाचतेय. क्लीव्हलंडहून गाडीनं उपनगरात कामाला जाणाऱ्या बायका खऱ्या होत्या. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात घरकामगारांना धरलं नव्हतं, हेही खरं. पण म्हणून नेमकं तेच घर कशाला?

शेवटी तुमचं सातवं प्रकरण. बेक सेलचं टेबल, त्यावरून तिघींची चर्चा, "इथे सगळ्यांना समान संधी आहे का" वगैरे. ते संभाषण पूर्ण काढा, अडीच पानं वाचतील. पण तिसऱ्या पानावर, खालून पाचव्या ओळीत, तुम्ही लिहिलंय: "एक बाई येऊन टेबलं पुसून गेली." ती कोण? ती ह्या शाळेत कामाला आहे, म्हणजे तिची मुलं बहुधा हद्दीपलीकडच्या शाळेत जातात. आज मंगळवार आहे आणि तिच्याही पोराचं कपाळ सकाळी कोमट होतं. तिचा फोन कामाच्या वेळेत लॉकरमध्ये असतो. तिला नाव द्या. तिला त्या फोनचे मिस्ड कॉल किती वाजता दिसतात ते ठरवा आणि तिथून हे प्रकरण पुन्हा लिहायला घ्या. झालं की पाठवा, वाचते.